सोनोग्राफी कोणी करावी?

बारावीच्या निकालानंतर भरणाऱ्या मार्गदर्शन मेळाव्यांत एक प्रश्न हटकून ऐकू येतो. मुलगी दर्यापूरची असो की मूर्तिजापूरची, विज्ञान शाखेत गुण बरे असतात, पण एम.बी.बी.एस.ला लागतात तेवढे नसतात. ती विचारते, “सोनोग्राफीचा कोर्स कुठे असतो?” एक्स-रेचा असतो, रक्त-लघवी तपासण्याचा असतो, मग सोनोग्राफीचा का नसावा, असा तिचा साधा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. हाच प्रश्न अमेरिकेत विचारला तर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते. तिथे कम्युनिटी कॉलेज नावाची महाविद्यालये असतात. आपल्या तालुक्याच्या गावच्या कॉलेजसारखी, घरापासून जवळ आणि त्यातल्या त्यात खिशाला परवडणारी. त्यांतल्या अनेक ठिकाणी दोन वर्षांचा सोनोग्राफीचा अभ्यासक्रम आहे. शरीररचना शिकायची, ध्वनीचे भौतिकशास्त्र शिकायचे, इस्पितळात प्रत्यक्ष रुग्णांवर हात बसवायचा, नोंदणीची परीक्षा द्यायची आणि कामाला लागायचे. लग्न होऊन तिकडे गेलेली अमरावतीची बी.एस्सी. मुलगी हे करू शकते. अमरावतीतच राहिलेली तिची धाकटी बहीण मात्र करू शकत नाही.

का करू शकत नाही? कॉलेज नाही म्हणून नव्हे, कायदा आहे म्हणून. आणि हा कायदा कुणा बाबूच्या लहरीतून निघालेला नाही. त्याची पहिली आवृत्ती आपल्या महाराष्ट्रातच जन्माला आली. ती का आली हे समजून घ्यायचे तर आधी ते यंत्र आणि ते धरणारा हात, दोन्हींकडे पाहिले पाहिजे.

पिएर क्यूरी आणि त्यांचे बंधू जॅक यांना १८८० मध्ये आढळले की काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते. उलटेही खरे ठरले. वीज दिली की स्फटिक थरथरतात आणि कानाला ऐकू न येणारा ध्वनी निघतो. पहिल्या महायुद्धात पॉल लान्जव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा ध्वनी समुद्रात सोडून पाणबुड्या शोधण्याची खटपट केली. पुढे कारखान्यांत तोच ध्वनी पोलादातल्या न दिसणाऱ्या भेगा शोधू लागला. माणसाच्या पोटाशी त्याची गाठ नीट पडली ती ग्लासगोत. इयान डोनाल्ड हे तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून ते बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि भेगा शोधण्याच्या यंत्रावर त्यांनी त्या ठेवून पाहिल्या. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे तिथेच कळले. टॉम ब्राऊन नावाचा एक तरुण अभियंता त्यांना येऊन मिळाला. पोटाचा असाध्य कर्करोग म्हणून आशा सोडलेल्या एका बाईच्या पोटात प्रत्यक्षात पाण्याची प्रचंड गाठ आहे, हे त्यांच्या यंत्राने दाखवले. गाठ काढली आणि बाई बरी झाली. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. सोनोग्राफीच्या इतिहासाचे खरे पहिले पान ते.

आता आपला एक शब्दप्रयोग पाहा. एक्स-रे ‘काढतात’ तशी आपण सोनोग्राफीही ‘काढतो’. “फोटो काहाडला काय वं?” असे आपल्या वऱ्हाडी बाया एकमेकींना विचारतात. पण हा फोटो नव्हे. शरीरातल्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. एक सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले तेरा भाग लागतात. यंत्र हा वेळ मोजते आणि पडद्यावर ठिपका मांडते. असे असंख्य ठिपके मिळून चित्र होते आणि ते क्षणाक्षणाला बदलते. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो दट्ट्या, बोटभर इकडे सरकवला तर मूत्रपिंड, बोटभर तिकडे सरकवला तर यकृत. जरा तिरपा धरला की खडा दिसतो आणि सरळ केला की नाहीसा होतो. एक्स-रे तंत्रज्ञाने काढून ठेवला तर डॉक्टर तो संध्याकाळी, किंवा दुसऱ्या गावी बसूनही वाचू शकतात. सोनोग्राफीत हात फिरत असतानाच डोळ्याला ओळखावे लागते. जे हाताने पकडले नाही, ते नंतर कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रोब ज्याच्या हातात, त्याला सगळे आधी कळते. पुढच्या साऱ्या इतिहासाची मेख इथे आहे.

अमेरिकेने आणि इंग्लंडने हा प्रश्न एका रीतीने सोडवला. डॉक्टरांना इतका वेळ नव्हता, आणि यंत्र चालवण्यात तरबेज झालेल्या एक्स-रे तंत्रज्ञ, परिचारिका हाताशी होत्या. त्यांत बहुसंख्य बायका. १९७० च्या सुमारास त्यांनी आपली संघटना बांधली. मूळच्या इंग्लंडमधल्या रेडिओग्राफर आणि पुढे सिअ‍ॅटलला काम करणाऱ्या जोन बेकर या तिच्या संस्थापकांपैकी एक. १९७५ मध्ये परीक्षा घेऊन नोंदणी करणारी स्वतंत्र संस्था निघाली आणि ‘सोनोग्राफर’ हा एक मान्य पेशा झाला. कामाची वाटणी अशी की सोनोग्राफर हात फिरवते, मापे घेते, महत्त्वाच्या प्रतिमा साठवते. डॉक्टर त्या पाहून निदानावर सही करतात. बारीक कष्टाचे काम आहे हे. दिवसभर हात एका कोनात दाबून धरल्याने सोनोग्राफरांचे खांदे आणि मनगटे दुखावतात. इंग्लंडमध्ये गरोदर स्त्रीची नेहमीची तपासणी मुख्यतः याच मंडळी करतात. म्हणजे तिकडे समाजाने हातावर विश्वास टाकला.

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाबतीत असा विश्वास पूर्वी टाकला नव्हता का? टाकला होता, आणि चांगला मोठा. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्रियांकडून उपचार मिळावेत म्हणून एक निधी उभारला. त्यात फक्त लेडी डॉक्टर तयार करण्याची भाषा नव्हती. हॉस्पिटल असिस्टंट, परिचारिका, शिकलेल्या दाया, अशा सगळ्या पायऱ्यांवरच्या बाया घडवायच्या होत्या. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरीन’ आहे आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’. ऑटोवाल्याला सरकारी नाव सांगून पाहा, तो दोनदा विचारेल. स्वातंत्र्यानंतर हीच परंपरा उपकेंद्रातल्या नर्सबाईने चालवली. बारकी कर्ण्यासारखी नळी पोटावर टेकवायची, तिला कान लावायचा आणि बाळाचे ठोके मोजायचे. ही नळी पिनार्ड या फ्रेंच डॉक्टरांची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. दीड-दोन वर्षे शिकलेल्या त्या नर्सबाईच्या हातात आपण आई आणि मूल, दोघांचे जीव दिले. तिने रात्री-अपरात्री चिमणीच्या उजेडात बाळंतपणे केली. पण कर्ण्याची नळी आणि सोनोग्राफीचा प्रोब यांत एक फरक आहे. नळीतून ठोके कळतात. मुलगा की मुलगी, ते कळत नाही.

गर्भाचे लिंग ओळखण्याची सुरुवात मात्र सोनोग्राफीने झाली नाही, सुईने झाली. १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजल तपासणी सुरू झाली, ती गर्भातले आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. लवकरच लक्षात आले की येणाऱ्यांना दोषात रस नाही, लिंगात आहे. सत्तरीचे दशक संपता संपता केंद्र सरकारने सरकारी इस्पितळांत ही तपासणी लिंग सांगण्यासाठी बंद केली. धंदा खासगीत गेला. १९७९ मध्ये अमृतसरला याच कामाचे क्लिनिक उघडपणे निघाले. आज थोडे खर्चा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकू लागल्या. मुंबईत १९८६ साली राज्याच्या आरोग्य खात्यासाठी एक पाहणी झाली. पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारले, त्यांतले बेचाळीस जण लिंग ओळखण्यासाठी ही तपासणी करत होते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण हे बेचाळीस जण कुणी अर्धवट शिकलेले तंत्रज्ञ नव्हते. पदव्युत्तर पदव्या भिंतीवर लावून बसलेले डॉक्टर होते.

मुंबईतल्या स्त्री संघटना, काही विवेकी डॉक्टर आणि पत्रकार यांनी मोहीम चालवली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा केला. त्याच्या धर्तीवर १९९४ साली केंद्राचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पण तोवर सुईची जागा प्रोबने घेतली होती. नव्वदच्या दशकात यंत्रे देशात बनू लागली आणि सोनोग्राफीच्या पाट्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या. कायदा पुस्तकात होता, यंत्र गल्लीत. फेब्रुवारी २००० मध्ये ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातल्या दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने राज्यांना फैलावर घेतले, यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडे गिऱ्हाइकांची नावे मागितली, आणि १४ फेब्रुवारी २००३ पासून दुरुस्त कायदा लागू झाला. आपण रोज पाहतो ती सगळी व्यवस्था यातलीच आहे. दारावरची ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी, प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा ‘एफ फॉर्म’, नोंदणी नसलेल्याला यंत्र विकायला बंदी. लिंग शब्दाने, खुणेने किंवा आणखी कोणत्याही रीतीने सांगायचे नाही असे कायदा म्हणतो. ‘खुणेने’ हा शब्द उगीच आलेला नाही. पेढे घ्या की बर्फी घ्या, एवढे म्हटले तरी लोकांना उमजत होते.

आणि त्यातच ती ओळ आहे, जी दर्यापूरच्या मुलीच्या आड येते. सोनोग्राफी कोणी करावी याची व्याख्या कायद्याने केली, आणि त्या व्याख्येत डॉक्टर सोडून कुणी बसत नाही. मागे सांगितले तेच कारण. हात ज्याचा त्यालाच कळते. जितके हात जास्त, तितक्या खुणा जास्त. दहा डॉक्टरांवर पाळत ठेवता येईल. तालुक्या-तालुक्यांत सोनोग्राफीची दुकाने निघाली, तर कुणावर ठेवणार?

ही भीती पोकळ होती का? आकडे बघू. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली किती, हे जनगणना सांगते. महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. अमरावती जिल्ह्यात ९४१ च्या ९३५ झाल्या. एवढ्यावर समाधान मानावे, तर शेजारी अकोल्यात ९३३ वरून ९१२. आणि त्याला लागून असलेल्या बुलढाण्यात ९०८ वरून थेट ८५५. जिजाऊंचे माहेर असलेला जिल्हा तो. ही घसरण २००३ चा दुरुस्त कायदा हातात असताना झाली आहे. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे त्याच पद्धतीने मोजलेला नवा आकडा आपल्यापाशी नाही. कायदा नसता तर काय झाले असते, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. २००३ साली मसुदा माझ्या हाती असता तर मीही कुलूप लावलेच असते.

पण कुलूप कुणाच्या हाताला लागले आणि गुन्हा कुणाच्या हातून घडला, हा प्रश्न उरतोच. प्रोब धरायला डॉक्टर पाहिजे हे ठरले. मग कोणता डॉक्टर? रेडिओलॉजिस्ट म्हणाले, फक्त आम्ही. साधे एम.बी.बी.एस. म्हणाले, आम्हीही. जानेवारी २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचे, म्हणजे ३०० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा घातली. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्टांनी देशभर संप केला. फॉर्ममधला रकाना चुकून रिकामा राहिला तर त्यालाही गुन्हाच धरतात, हे त्यांचे गाऱ्हाणे. त्यात काही तथ्य आहे. पण गंमत अशी की या साऱ्या भांडणात सोनोग्राफर नावाचा माणूस कुठेच नाही. दोन डॉक्टरांत वाद चालला आहे आणि तिसरी खुर्ची मांडलेलीच नाही.

याची किंमत कोण मोजते? धारणीची गरोदर बाई मोजते. धारणी ते अमरावती घाटातून जवळपास दीडशे किलोमीटर. जून २०११ पासून सरकारी इस्पितळांत गरोदर स्त्रीच्या तपासण्या, सोनोग्राफीसह, मोफत आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला खास तपासणी असते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने चोविसाव्या आठवड्याच्या आत निदान एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली. वार खाली आहे का, मूल आडवे आहे का, जुळे आहे का, हे आधी कळले तर आधी गाडी बोलावता येते. तपासणी फुकट आहे, यंत्रही मिळते. प्रोब धरणारा माणूस कुठून आणायचा? २०१२ च्या नियमदुरुस्त्यांनी फिरत्या यंत्रांना वेसण घातली आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त केंद्रांवर नोंदणी नाही असे ठरवले. शहरातली दुकानदारी रोखायला हे ठीक होते. मेळघाटात रोखण्यासारखे होते तरी काय?

शिवाय सोनोग्राफी म्हणजे केवळ गरोदरपण नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथल्या गावांत मूत्रपिंडाच्या तक्रारी घरोघरी ऐकायला मिळतात. साठ वर्षांच्या शेतकऱ्याच्या मूत्रपिंडाकडे पाहण्यात लिंगनिदानाचा प्रश्नच येत नाही. पण यंत्र एकच, म्हणून त्याचे नियमही तेच.

यंत्रावरच पहारा बसवण्याचा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. कोल्हापुरात २००१ मध्ये मुलींचे प्रमाण ८३९ इतके खाली गेले होते. लक्ष्मीकांत देशमुख तिथे जिल्हाधिकारी असताना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण सोनोग्राफी यंत्रांना जोडले गेले. पडद्यावर जे दिसले ते सगळे त्यात साठून राहते. अनेक डॉक्टरांना ही पाळत रुचली नाही आणि तिच्या उपयोगाबद्दल वादही झाले. २०११ मध्ये कोल्हापूरचा आकडा ८६३ वर होता, त्याचे श्रेय एकट्या उपकरणाला देता येणार नाही. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळे. हातातले गुपित साठवून ठेवता आले, तर हात पदवीधराचाच हवा या अटीचे वजन थोडे कमी होते. या अंगाने विचार व्हायला हवा होता. तो फारसा झाला नाही.

शिक्षणाची बाजू तोवर आपल्या गतीने सरकत होती. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय अमरावतीला १९८४ साली निघाले, अकोल्याचे शासकीय २००२ मध्ये. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशीम यांना एकदमच शासकीय महाविद्यालये मिळाली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने रेडिओग्राफीची पदवी आणली आणि खेड्यापाड्यांतली मुले-मुली एक्स-रे, सी.टी., एम.आर.आय. ही कामे शिकू लागली. आणि २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात पेशांची यादी आहे. रेडिओलॉजी तंत्रज्ञांच्या गटात, एक्स-रे, सी.टी., एम.आर.आय. आणि मॅमोग्राफीच्या पंगतीला एक नाव येते, डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर. म्हणजे एका कायद्याने या पेशाला नाव दिले, आणि दुसऱ्या कायद्याने त्याच्या हातात प्रोब द्यायला मनाई केली. दोन्ही कायदे आज लागू आहेत.

तोवर रेडिओग्राफी शिकून सोनोग्राफी केंद्रात नोकरीला लागलेली मुलगी काय करते? ती आलेल्या बाईचे ओळखपत्र पाहते. एफ फॉर्म भरते. नाव, वय, नवऱ्याचे नाव, किती आठवडे झाले, आधीची मुले किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती, कोणत्या डॉक्टरांनी पाठवले. अंगठा किंवा सही घेते. पोटाला जेल लावते. डॉक्टर आत येतात, प्रोब हातात घेतात, आणि ती बाहेर येऊन पुढचे नाव पुकारते. फॉर्मवर अक्षर तिचे असते, खाली सही डॉक्टरांची.